हिंगोलीच्या छावणींतील शिलेदारी आणि तिची फ्रान्सांतील अखेर

फौजेच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आपण जीं कागदपत्रें जमवितों, त्यांत लढायांच्या बातम्या, तहनामे, सनदा व सरदारांचा पत्रव्यवहार यांस पहिला मान मिळतो. घोड्यांची चंदी, नालांचा खर्च, खोगिरांची दुरुस्ती, पखालजीचें वेतन असल्या बाबींचे बंद हातीं लागले तर ते जपून ठेवणारे थोडे आणि रद्दीच्या गठ्ठ्यांत टाकणारे फार. परंतु या दुसऱ्या वर्गांतील कागदांवांचून एका मोठ्या लष्करी पद्धतीचा शेवट नीट उलगडत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती पद्धति म्हणजे शिलेदारी. तिचा आरंभ वाचकांच्या परिचयाचा आहे. तिचा कणा मात्र पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानाबाहेर, फ्रान्सांतील चिखलांत मोडला, आणि त्या घटनेचा धागा मराठवाड्यांतील हिंगोलीच्या जुन्या छावणीपर्यंत येऊन पोंचतो.

हिंगोली हें आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. नामदेवांची नरसी व औंढ्याचें नागनाथाचें देवालय यांमुळें हा प्रदेश सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८१९ पासून १९०३ पर्यंत हिंगोलीची ओळख निराळीच होती. निजामाच्या पैशानें पोसलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालची जी फौज, तिच्या प्रमुख ठाण्यांपैकीं हें एक होतें. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या वेळीं उभारलेल्या पलटणींस ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. पुढें त्या सर्व फौजेस ‘हैदराबाद कंटिंजंट’ हें नांव पडलें. जानेवारी १८१९ मध्यें हटकरांचा नाईक नौसाजी याच्या ताब्यांतील हदगांवकडील नव्हा येथील गढी या फौजेनें वेढा देऊन घेतली, आणि ‘नोव्हा’ हें नांव त्या पलटणींच्या मानचिन्हांत पुढें शंभर वर्षें मिरवत राहिलें. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर व हिंगोली अशा ठाण्यांतून पायदळ व रिसाले आलटून पालटून राहत असत.

या फौजेचा खर्च हा एक स्वतंत्र व दुःखद प्रकरणाचा विषय आहे. पगार तुंबले, कर्ज वाढलें, आणि २१ मे १८५३ च्या तहानें त्या खर्चापोटीं वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख व रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखालीं गेले. हिंगोलीच्या उत्तरेस थोड्या अंतरावर पैनगंगा लागते. तिच्या पलीकडचा प्रांत ज्या घोड्यांच्या चंदीसाठीं गहाण पडला तीं घोडीं नदीच्या अलीकडेच बांधलेलीं होतीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. चंदीचे हिशेब क्षुल्लक समजणारांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी.

आतां शिलेदारीविषयीं. सिलाहदार म्हणजे हत्यारबंद, या फारसी शब्दावरून आपला शिलेदार आला. ज्याचें घोडें व हत्यार स्वतःचें तो शिलेदार. सरकारी पागेंतील अथवा दुसऱ्या कोणाच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा भेद केवळ मालकीचा नसून निगेचा आहे, आणि येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. शिवछत्रपतींनीं पागेस शिलेदारांपेक्षां अधिक महत्त्व दिलें हें प्रसिद्धच आहे. सभासदानें पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमून, त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद दिल्याचें सांगितलें आहे. लढणाऱ्या पंचवीस माणसांच्या पाठीशीं पाणी व नाल यांचीं दोन माणसें सरकारानें उभीं केलीं होतीं. शिलेदाराच्या बाबतींत हा भार त्याच्या स्वतःच्या शिरावर असे. म्हणून स्वारीपूर्वीं त्यास आगाऊ रक्कम द्यावी लागे, आणि त्या रकमेचें नांवच नालबंदी असें पडलें. मोडी दफ्तरांत नालबंदीच्या याद्या विपुल आहेत. तो शब्द वाचतांना नालाचा लोखंडी अर्थ आपण बहुधा विसरून जातों.

इंग्रजांनीं जुन्या संस्थांपैकीं ज्या थोड्या स्वस्तांत पडल्या त्या ठेवून घेतल्या. शिलेदारी ही त्यांतली एक. कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. रिसाल्यांत शिरूं इच्छिणाऱ्यास एक ठराविक रक्कम भरावी लागे अथवा घोडा आणावा लागे. त्या जागेस ‘असामी’ म्हणत. असामी ही मिळकतच असे. नोकरी सुटतांना अथवा स्वार मेल्यास तिची रक्कम परत मिळावयाची. प्रथम प्रथम एकाच धनवान शिलेदाराकडे अनेक असाम्या असून त्यांवर तो बारगीर बसवीत असे. पुढें इंग्रज अंमलदारांचा कल स्वारागणिक एक असामी याकडे वळला. बंदूक व काडतुसें सरकारची. बाकी घोडा, खोगीर, लगाम, तलवार, कपडे, राहुटी हें सर्व स्वाराच्या पगारांतून. दोन स्वार मिळून एक तट्टू व एक गवत कापून आणणारा माणूस ठेवीत. त्यास हिंदुस्थानी बोलींत घसियारा म्हणत. घोडा मेल्यास एकट्यानें बुडूं नये म्हणून दरमहा वर्गणी कापून एक सामाईक ठेव केलेली असे, तिला ‘चंदा’ म्हणत. वाचकांनीं चंदा व चंदी यांत घोटाळा करूं नये. जुन्या याद्यांत हे दोन्ही शब्द एकाच पानावर येऊं शकतात.

हिंगोलीसारख्या ठिकाणीं ही रचना कां चालली, तें पाहिलें म्हणजे ती परदेशीं कां कोसळली तें आपोआप कळतें. हिंगोलीस आगगाडी आली ती छावणी उठून गेल्यानंतर. तोंपर्यंत जें कांहीं हवें तें आसपासच्या गांवांतून किंवा गाड्यांवरून यावयाचें. सभोंवतीं काळी जमीन, ज्वारीचा कडबा मुबलक, हरभऱ्याचें पीक हातचें, पावसाळ्यानंतर माळावर गवत. घसियाऱ्यानें सकाळीं तट्टू घेऊन निघावें, दुपारपर्यंत भारा आणावा. घोड्यास खरारा करणें, पाणी दाखविणें, तोबरा चढविणें, आगाडी-पिछाडी बांधणें हीं कामें स्वार व त्याचा माणूस वांटून घेत. छावणीच्या बाजारांत नालबंद, जिनगर, मोची, शिकलगार व सुतार यांची वस्ती असे. नाल पडला तर त्याच दिवशीं ठोकला जाई, खोगिराचा तंग तुटला तर जिनगर उधारीवर शिवून देई. घोड्याच्या दुखण्यास साळोत्री होता. शालिहोत्राच्या ज्या पोथ्या आपल्या संग्रहांत सांपडतात, त्यांतील विद्येचा हा अखेरचा सरकारी नोकर. साळोत्री हें पद इंग्रजी अंमलांतही रिसाल्याच्या नोकरांत टिकून होतें. थोडक्यांत, रिसाल्याची निगा ही रिसाल्याच्या आंत नव्हती. ती भोंवतालच्या मुलखांत पसरलेली होती. स्वार तिचा एक शेंडा मात्र होता.

अशा व्यवस्थेचें बळ हिंदुस्थानच्या हद्दींत वेळोवेळीं दिसलें. १८५८ सालीं सर ह्यू रोज याच्या मध्य हिंदुस्थानांतील मोहिमेंत कंटिंजंटची फौज होती. पुढें १८८६ च्या सुमारास तिच्या कांहीं तुकड्या ब्रह्मदेशांत गेल्या. समुद्र ओलांडून निगा करण्याची ती पहिली चुणूक. परंतु तो प्रसंग अल्प व प्रदेश तुलनेनें जवळचा. तेव्हां पद्धतीचें वर्म उघडें पडलें नाहीं.

१९०३ मध्यें कंटिंजंट हें नांव गेलें व तिचीं पथकें हिंदी सैन्यांत विलीन झालीं. चार रिसाल्यांपैकीं पहिला तो २० वा डेक्कन हॉर्स, दुसरा तो २९ वा लान्सर्स (डेक्कन हॉर्स), चवथा तो ३० वा लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स) झाला. तिसरा मोडण्यांत आला. हिंगोलीची छावणी उठली. हे रिसाले यापुढें देशभर फिरूं लागले, पण शिलेदारी तशीच राहिली. त्यांत शीख व जाट यांच्याबरोबर दख्खनी मुसलमानांचा भरणा असे.

ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध पेटलें. सिकंदराबादच्या घोडदळ ब्रिगेडबरोबर २० वा डेक्कन हॉर्स मुंबईहून निघून ऑक्टोबरच्या मध्यास मार्सेय बंदरीं उतरला. २९ वा व ३० वा हेही त्याच रणांगणावर गेले. जहाजांतील प्रवासापासूनच निगेचें नवें प्रकरण सुरू होतें. आठवडेच्या आठवडे घोडें अरुंद खणांत उभें राहतें. त्यास धड बसतां येत नाहीं, फिरतां येत नाहीं, पाय सुजतात. त्याचे पाय चोळणें, खालचा खण धुणें व चंदी कमी-जास्त करणें एवढाच त्या दिवसांचा उद्योग. घसियाऱ्याच्या विळ्यास समुद्रावर काय काम असणार! आणि फ्रान्सांत उतरल्यावरही तें मिळालें नाहीं. तेथें वैरण दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांत येई, हरभऱ्याच्या जागीं ओट नांवाचें धान्य मिळे, आणि दुसऱ्याच्या शेतांतील गवत कापण्याची तर सोयच नव्हती. तट्टांच्या जागीं मोठाले चारचाकी गाडे आले. ज्या दोन गोष्टींवर शिलेदाराचें अर्धें स्वातंत्र्य उभें होतें, ते तट्टू व तो गवत्या, पहिल्याच महिन्यांत निरुपयोगी ठरल्या.

आतां नित्याच्या कामाचें मान पाहूं. एका रिसाल्यांत सुमारें सव्वासहाशें स्वार धरिले तर तितकींच घोडीं व अडीच हजार खूर. महिन्या-सवामहिन्यानें नाल काढून खूर छाटावा लागतो. जुना नाल पुन्हां बसवितां आला तरी खिळे नवेच लागतात. नालास सात खिळे धरिले तर एका फेरीस साडेसतरा हजार खिळे झाले. हिवाळ्यांत रस्ते गोठले म्हणजे साध्या नालावर घोडें घसरतें. तेव्हां टोंकदार खिळ्यांची वेगळी योजना करावी लागे. उलट रस्त्यावर पडलेला खिळा हाही एक शत्रूच होता. सैन्याच्या चुलींत फोडलेल्या लांकडी पेट्या जळत, राखेंतील खिळे रस्त्यावर पसरत आणि घोड्यांच्या तळव्यांत शिरत. या एका कारणानें लंगडीं झालेलीं घोडीं इतकीं असत कीं, खिळे वेंचण्याच्या आज्ञा काढाव्या लागल्या. हें आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगत आहों. कारण युद्धाच्या इतिहासांत तोफेनें पडलेलें घोडें नोंदलें जातें, खिळ्यानें बसलेलें नाहीं.

दुसरें संकट चिखलाचें व खरजेचें. उघड्यावर रांगेनें बांधलेल्या घोड्यांच्या पायांखालीं पडक्या घरांच्या विटा आणून फरशी करावी लागे. अंगावरचे केस ठेवावे तर खरूज पसरते, काढावे तर थंडी बाधते; या पेंचांत लष्करी अश्ववैद्यांचेही मत एक होईना. आजारी घोडीं मागच्या अश्वरुग्णालयाकडे रवाना होत, आणि त्यांच्या जागीं सरकारी पागेंतून नवीं येत. येथें शिलेदारीचा हिशेब गुंतला. स्वाराचें स्वतःचें घोडें गेलें, सरकारचें आलें. मग तो शिलेदार कीं बारगीर? त्याच्या असामीचा मालक कोण? चंदा कापावयाचा कशासाठीं? सभासदाच्या काळांतील भेद विसाव्या शतकांत फ्रान्सांतील एका शेतघराच्या अंगणांत पुन्हां उपस्थित झाला, आणि या वेळीं तो बारगिरीच्या बाजूनें सुटला.

तिसरी गोष्ट माणसांची. १९१४ च्या डिसेंबरांत फेस्तुबेरच्या बाजूस हे स्वार घोड्यांवरून उतरून खंदकांत लढले. पुढेंही घोडदळास पाळीनें पायीं पाठविण्यांत येई. अशा वेळीं तीन-चार घोड्यांमागें एक माणूस मागें राहत असे. म्हणजे ज्या स्वारास एरवीं एका घोड्याचा खरारा, त्यास आतां चारांचा. तीन वेळां दाणा, दोन-तीन वेळां पाणी, तेंही पुष्कळदां मैल मैल चालवून. मागें राहिलेल्यास खंदकांतून सुटलेला असें कोणी समजत असतील. त्याचा दिवस मात्र पहांटे अंधारांत सुरू होऊन रात्रीं अंधारांतच संपे. हिंदी पायदळाचे डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस फ्रान्सांतून हलले. घोडदळ १९१८ च्या आरंभापर्यंत तेथेंच राहिलें. चार हिवाळे त्यानें पाहिले.

इतक्या खटाटोपाचें फळ काय? १४ जुलै १९१६ रोजीं सोम नदीकडील लढाईंत, संध्याकाळच्या सुमारास, २० व्या डेक्कन हॉर्सनें ७ व्या ड्रॅगून गार्ड्सच्या जोडीनें हाय वूड नांवाच्या रानानजीक भाले घेऊन दौड केली. ग्रंथांतून व चित्रांतून ही दौड प्रसिद्ध आहे. मार्सेयला उतरल्यापासून तोंपर्यंत एकवीस महिने झाले होते. वर केलेल्या अजमासानें पाहतां त्या अवधींत पन्नास हजारांच्या आसपास नाल बसविले अथवा फिरविले गेले असावेत. दौड एका सायंकाळची. पुन्हां नोव्हेंबर-डिसेंबर १९१७ मध्यें कांब्रेच्या लढाईंत हे घोडदळ कामास आलें. एरवीं रस्ते करणें, खंदक खणणें आणि घोडीं जगविणें.

या निगेंत राबणाऱ्या माणसांचा दर्जा हा आमच्या मतें सर्वांत शोचनीय भाग आहे. भिस्ती, मोची, न्हावी, धोबी, आचारी, मोतद्दार, सफाईवाले यांस सैनिक म्हणत नसत; लष्करी भाषेंत ते ‘अनुयायी’. पगार कमी, पोशाख कमी, निवृत्तिवेतनाची शाश्वति कमी. बाजूस पडणारा तोफेचा गोळा मात्र हा भेद पाळीत नसे. ब्रह्मदेशाच्या १८८५-८७ च्या मोहिमेचें पदक सैनिकांस रुपेरी व अनुयायांस ब्राँझचें, असा भेद धातूंतच ओतलेला आहे. महायुद्धाच्या पदकांतही मजूर-पथकांसाठीं ब्राँझ वापरलें गेलें. ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं न्यूव्ह शापेल येथें हिंदी मृतांचें स्मारक उघडण्यांत आलें, त्यावर साडेचार हजारांहून अधिक नांवें आहेत. त्यांत अनुयायांचींही नांवें आहेत, हें त्या स्मारकाचें भूषण मानलें पाहिजे.

या लोकांचें बोलणें आपणांस कोठें ऐकूं येतें? फ्रान्सांतून घरीं जाणारीं हिंदी पत्रें तपासण्यासाठीं एक कचेरी होती. तिनें पत्रांतील उताऱ्यांचीं इंग्रजी भाषांतरें केलीं, तीं लंडनमध्यें राखून ठेविलेलीं आहेत व त्यांतील निवडक १९९९ मध्यें ग्रंथरूपानें छापलीं गेलीं. तपासणी आहे हें पत्र लिहिणारांसही ठाऊक होतें. म्हणून काळीं मिरीं संपत आलीं, आतां तांबडी मिरची वापरूं लागले आहेत, अशा भाषेंत हिंदी व गोऱ्या फौजांच्या हानीची बातमी घरीं पोंचविली जाई. परंतु ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, लंडनला राहिलीं तीं भाषांतरें. मूळ पत्रें, अडविलेलीं वगळल्यास, घरोघर पोंचलीं. शिवाय निरक्षर मोतद्दाराचें पत्र दुसऱ्यानें लिहावें व गांवीं तिसऱ्यानें वाचून दाखवावें, असा त्या वेळचा रिवाज होता. मराठवाड्यांत असें पत्र उर्दूंत, मोडींत किंवा बाळबोधींतही असूं शकेल. केवळ उर्दू आहे म्हणून मराठी संग्राहकानें बाजूस सारूं नये. निजामी राज्याची सरकारी भाषा १८८४ च्या सुमारापासून उर्दू होती.

१९१८ च्या वसंतांत हे रिसाले मिसरमार्गें पॅलेस्टाइनकडे वळले. २० वा ५ व्या घोडदळ डिव्हिजनमध्यें व २९ वा ४ थ्या डिव्हिजनमध्यें होता. १९ सप्टेंबर रोजीं सुरू झालेल्या धांवेंत दुसऱ्याच दिवशीं अफूला, नाझरेथ व बैसान येथपर्यंत घोडदळ पोंचलें. १ ऑक्टोबरला दमास्कस पडलें. येथें प्रश्न चिखलाचा नसून पाण्याचा होता, आणि भिस्ती-पखालजीचें महत्त्व पुन्हां वाढलें. दर मुक्कामीं विहीर किती खोल, पोहरा किती वेळांत भरतो व किती घोडीं पितात, यावर पुढील कूच ठरे. सभासदानें पंचवीस घोड्यांमागें पखालजी कां मोजला, तें दफ्तरांत बसून कळत नाहीं; या मोहिमेच्या हकीकती वाचल्या म्हणजे कळतें.

युद्धानंतर १९२१ च्या सुमारास शिलेदारी बंद झाली. २० वा व २९ वा हे दोन्ही रिसाले एकत्र करून ९ वा डेक्कन हॉर्स बनविण्यांत आला. तो स्वतंत्र भारताच्या सैन्यांत रणगाड्यांचें पथक म्हणून आजही आहे.

संग्राहकांसाठीं शेवटीं दोन व्यवहाराच्या सूचना. कंटिंजंटचे वंशज रिसाले आणि निजामाचे स्वतःचे ‘इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स’ हीं भिन्न पथकें होत. दुसरें पथक १५ व्या ब्रिगेडबरोबर सुएझ व पॅलेस्टाइनमध्यें होतें, फ्रान्सांत नव्हे. पदकाच्या कडेवर हुद्दा, नांव व पथक कोरलेलें असतें. ती कड भिंगानें वाचल्याशिवाय केवळ हैदराबाद या शब्दावरून निर्णय करूं नये, आणि घासून चकाकी आणण्याच्या नादांत ती अक्षरें पुसूं नयेत. कागदांपैकीं असामीची रक्कम भरल्याची वा परत मिळाल्याची पावती, चंद्याच्या कपातीचा तक्ता, घोड्याचा रंग-खूण लिहिलेली चिठ्ठी, नालबंदाचें किंवा जिनगराचें उधारीचें खातें, हे चार प्रकार विशेष शोधावे. हिंगोली, वसमत, कळमनुरी या बाजूस जुन्या सावकारी वह्यांत छावणीच्या बाजारचीं खातीं मिळण्याचा संभव अधिक. असामीच्या पावत्या मात्र वहींत नसून बहुधा पेन्शनीच्या कागदांबरोबर, घरांतील बायकांच्या पेटींत असतील, कारण ती रक्कम स्वाराच्या मागें त्याच्या विधवेस मिळावयाची होती.